यम्माचे सात डबे

तेतुआन, मोरोक्को, ४ फेब्रुवारी २०१६

मुफद्दल,

तू माझ्या तोंडावर फोन आपटलास, म्हणून हे कागदावर. कागद आपटता येत नाही. आणि पत्र मिळालंच नाही असं उद्या म्हणू नकोस, कारण प्रत्येक पत्र पाकिटात घालण्याआधी मी त्याचं स्कॅन काढून ठेवणार आहे, तारखेसकट. तीस वर्षं जमिनीच्या नोंदी सांभाळल्या आहेत मी, माझ्याकडून एक कागद इकडचा तिकडे झालेला नाही.

तर ऐक. आपल्या आईचे, यम्माचे डबे मी जाळणार नाही. आज नाही, तुझ्या मुलाच्या, अनसच्या लग्नाआधी नाही, लग्नानंतरही नाही.

तुझं म्हणणं मी नीट ऐकलं, तू मात्र माझं ऐकायला थांबला नाहीस. यम्माने अठ्ठावीस वर्षं या गावातल्या घराघरांत जाऊन बायकांचे फोटो काढले. मेंदीच्या दिवशी, बारशाला, नाहीतर नुसतं एखादीला वाटलं म्हणून. डोक्यावर रुमाल नाही, केस मोकळे, कुणी नाचतंय, कुणी हसतंय. पुरुषाची सावली त्या खोलीत नसायची. कॅमेरा काढण्याआधी यम्मा पोळीवर हात ठेवून, अन्नाची शपथ घेऊन सांगायची की यावर पुरुषाची नजर पडणार नाही. फिल्म ती घरीच धुवायची, आणि निगेटिव्ह त्या सात पत्र्याच्या डब्यांत. पाकिटावर कुणाचं नावसुद्धा नाही. ‘हिरवा कफ्तान, विहिरीचं घर’ एवढंच. हे सगळं खरं आहे, मीच तुला लहानपणी सांगितलेलं तू आता मला ऐकवतोस.

पण ‘शब्द दिला होता म्हणून जाळ’ हे कुठून काढलंस? पुरुषाने बघायचं नाही असा शब्द होता. कुणीच बघायचं नाही असा नव्हता. आणि तुला यम्माच्या शब्दाची एवढी काळजी असती तर तिच्या मातीला येऊन तिसऱ्या दिवशी ब्रसेल्सचं विमान पकडलं नसतंस. हाज अयाशीने त्याची मुलगी अनसला देताना अट घातली, असं स्पष्ट सांग ना. त्याची आई त्या डब्यांत कुठेतरी आहे, म्हणून हाजसाहेबांना घाम फुटलाय. एवढा मोठा ठेकेदार, अर्ध्या गावाच्या इमारती याने बांधल्या, आणि एका पत्र्याच्या डब्याला घाबरतो.

डब्यांना तसंही आग लावायची गरज नाही, ते आपोआप मरत आहेत. उघडले की सिरक्याचा आंबट वास येतो. फिल्म सडायला लागली की असा वास येतो, मग ती आखडते, वाकते, आणि एक दिवस त्यावर काही उरत नाही. म्हणून मी स्कॅनर घेतला. हद्दीपलीकडे, स्पेनच्या सेउतामध्ये एका स्पॅनिश बाईचा स्टुडिओ बंद होत होता, तिच्याकडचा. झाकणातही दिवा असलेला, निगेटिव्हसाठीचा. आपली शेजारीण सआदिया रोज हद्दीवरून पाठीवर गाठोडी वाहते, तिने तो घोंगड्यांत गुंडाळून आणला. पहारेकऱ्याने विचारलं तर म्हणाली, सुनेला इस्त्रीचं टेबल नेतेय. तिला सून नाही.

उद्यापासून सुरू करते. तुला काय बोटं मोडायची ती मोड.

तुरैया

तेतुआन, ११ मार्च

मुफद्दल,

तुझा निरोप सआदियाच्या फोनवर आला. मला नाही, शेजारणीला. ‘बहिणीला समजावा, म्हातारपणी तिचं डोकं फिरलंय.’ सआदियाने मोठ्याने वाचून दाखवला आणि आम्ही दोघी चहा सांडेपर्यंत हसलो. मी एकसष्ट वर्षांची आहे, माझं डोकं फिरायला अजून वेळ आहे.

काम कसं चाललंय ते सांगते, तू विचारणार नाहीस तरी. सकाळी खिडक्या बंद करून फरशीवर पाणी शिंपडते, म्हणजे धूळ बसते. हातात सुती मोजे. एका पट्टीत तीन फोटो, पट्टी चौकटीत बसवायची, फुंकणीने धूळ उडवायची, झाकण लावायचं आणि वाट बघायची. एका पट्टीला दहा-बारा मिनिटं. तोवर मी भाजी निवडते. मग लॅपटॉपवर काळ्याचं पांढरं होतं आणि कुणीतरी समोर येऊन बसतं. पाकिटावर यम्माने लिहिलेलं असतं तेही स्कॅन करते, दोन्ही बाजूंनी.

नावं नाहीत, मग ओळखायचं कसं? म्हणून मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी दार बायकांना उघडं असतं. सत्तरीच्या, ऐंशीच्या येतात, कुणाला नात धरून आणते. बघतात, ओळखतात, रडतात, एकमेकींच्या जुन्या भानगडी काढतात. मी प्रत्येकीला एकच विचारते: हे तुझं आहे, काय करू? ठेव म्हटलं तर ठेवते. दे म्हटलं तर निगेटिव्ह आणि प्रिंट तिच्या हातात. तिघी म्हणाल्या पुसून टाक. त्यांच्या डोळ्यांदेखत पुसलं आणि निगेटिव्हचे तुकडे करून दिले. जी वारली तिच्या मुलीला विचारते. बघ, जाळायला माझी ना नाही. फक्त जिचं तिने सांगायचं.

आता जे झालं ते लपवत नाही. गेल्या गुरुवारी तुझ्या हाज अयाशीची आई आली. लल्ला शामा. बोलावलं नव्हतं, स्वतः आली, काठी टेकत, वरच्या गल्लीतून. पाकिटावर लिहिलं होतं, ‘जांभळा कफ्तान, गच्चीचं घर, १९६६’. मी तो फोटो लावला. नणंदेच्या मेंदीला उशीला टेकून बसलेली बावीस वर्षांची बाई, हातात चहाचा ग्लास. सगळ्या म्हणाल्या, शामा, तूच ही. लल्ला शामाने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला आणि म्हणाली, “ही मी नव्हे. डाव्या हाताने चहा पिणारी बाई आमच्या घराण्यात जन्मली नाही.”

खरंच ग्लास डाव्या हातात होता. मग दुसरी म्हणाली, मग माझाही तो फोटो माझा नव्हे, मी कधी डाव्या हाताने घास उचलला? तिसरी म्हणाली, तुरैयाने पाकिटांची अदलाबदल केली. कुणी म्हणालं, यंत्र तोंडं बदलतं, माझ्या नातवाने सांगितलंय. पाच मिनिटांत माझ्या घरातून बायका उठून गेल्या. महिन्याभराची मेहनत पाण्यात.

आणि शुक्रवारच्या नमाजनंतर हाज अयाशी मशिदीबाहेर सांगत होता म्हणे, आईने स्वतः सांगितलं की तिचा फोटो तिथे नाहीच. तुलाही त्याने लगेच कळवलं असणार. आनंद झाला असेल. होऊ दे.

तुरैया

तेतुआन, ३ एप्रिल

मुफद्दल,

आधी चूक कबूल करते, कारण ती माझी आहे. दोन दिवस मी पहिल्या डब्यातले फोटो बघत होते. यम्माच्या काळातली एकूण एक बाई डाव्या हाताने चहा ओततेय, डाव्या हाताने पेला उचलतेय. आख्ख्या तेतुआनच्या बायका डावखुऱ्या कशा असतील? मग डोक्यात प्रकाश पडला. कचेरीत नोंदवह्या स्कॅन करताना लिहिलेली बाजू काचेकडे ठेवायची, शेवटची बारा वर्षं मी तेच केलं. निगेटिव्हचं उलटं असतं. चकचकीत बाजू खाली हवी, मी चित्राची बाजू खाली ठेवत होते. आख्खा डबा आरशात उलटा झाला होता. कुणाही परक्याला ते कळलं नसतं, स्कॅनर बनवणाऱ्या कंपनीच्या साहेबालाही नाही. आमच्या म्हाताऱ्यांनी एका ग्लासावरून पकडलं.

पुन्हा सगळा डबा पहिल्यापासून स्कॅन केला. बत्तीस पाकिटं. मग रुमाल बांधला, लॅपटॉप पिशवीत घातला आणि स्वतः लल्ला शामाच्या घरी गेले. हाज कामावर होता, सून स्वयंपाकघरात. चकचकीत बाजूची माझी चूक सांगून म्हातारीला फोटो दाखवला. ग्लास उजव्या हातात. ती पडद्यावर बोट टेकवून बसली.

मी तिला सांगितलं की तुमच्या मुलाला हे जाळायचंय. तुझंही नाव सांगितलं, माझ्या भावाचीही तीच इच्छा आहे म्हणून. का लपवू? तर ती म्हणाली, “त्याला कोणी विचारलं? या फोटोत तो माझ्या पोटात आहे, सहाव्या महिन्याचा. जाळायचं म्हणतोय तो स्वतःलाच जाळतोय.”

मग म्हणाली, नवऱ्याचा फोटो बैठकीच्या खोलीत दाराएवढा लावलाय. तिचा एकच आहे, ओळखपत्रावरचा, त्यात ती चोरी करताना पकडल्यासारखी दिसते. ती गेल्यावर पतवंडांना तोच दाखवणार. हा मोठा करून दे म्हणाली, चौकटीसकट. निगेटिव्हही दे. मी विचारलं, कुठे ठेवाल? ती म्हणाली, ते माझं मी बघते, तू तुझी चकचकीत बाजू बघ. ऐकलंस? एवढ्यात तिला यंत्राचंही कळायला लागलं.

त्या गुरुवारी ती पुन्हा आली आणि तिच्यामागून सगळ्या आल्या.

आता तुझ्या पत्राबद्दल. वकिलाच्या सहीशिक्क्याचं पाकीट आलं. घरात अर्धा हिस्सा तुझा, घरातल्या वस्तूंतही अर्धा, आणि तुझ्या वतीने हाज अयाशी डबे घेऊन जाईल. वा. वाद घालायचा तर वकील, आणि आईला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा तुला सुट्टी मिळत नव्हती.

आणि पत्रात शेवटी लिहिलंस की यम्मा तुला फोनवर म्हणाली होती, डबे जाळून टाक. ते खरं आहे, मला माहीत आहे. मलाही म्हणाली होती. हे मी तुझ्यापासून लपवलं. पहिल्या पत्रात मोठ्या तोंडाने लिहिलं की शब्द जाळण्याचा नव्हता, तेव्हाही मला हे ठाऊक होतं.

पण मी तिला काय उत्तर दिलं ते तुला माहीत नाही. मी म्हटलं, “यम्मा, तू फक्त बटण दाबलंस. चेहरे त्यांचे आहेत. तू कोण जाळणारी?” आईला असं बोलले मी, ती अंथरुणावर असताना. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दुपारी हरीराचं सूप भरवायला गेले तर म्हणाली, डब्यांच्या कपाटाची किल्ली पिठाच्या डब्यामागे आहे. तुला तिने जाळायला सांगितलं आणि किल्ली मला दिली. आता यातून तुला काय समजायचं ते समज. मी माझं समजून घेतलंय.

तुरैया

तेतुआन, १६ एप्रिल

मुफद्दल,

हाज अयाशी काल येऊन गेला. शुक्रवारची नमाज झाली, कुसकुस खाऊन आला असणार, ढेकर देत होता. बरोबर गाडी आणि दोन माणसं. तुझा कागद मला वाचून दाखवला. मी म्हटलं, मला वाचता येतं.

सातही डबे दारात काढून ठेवले होते. उचलून नेले आणि त्याच्या बागेत, विटांच्या ढिगामागे, पेटवून दिले. सआदियाने गच्चीवरून धूर पाहिला. तुझ्या मनासारखं झालं. अनसला माझे आशीर्वाद सांग.

आज जास्त लिहीत नाही.

तुरैया

तेतुआन, २८ मे

मुफद्दल,

जवळपास चार महिन्यांत पहिल्यांदा तुझा फोन माझ्या नंबरवर आला, आणि तू किंचाळत होतास. मला मधे एक शब्द बोलू दिला नाहीस, मग पुन्हा आपटलास. म्हणून पुन्हा कागद.

तुला हाज अयाशीने सांगितलं ते खरं आहे. रमजान तोंडावर आला म्हणून त्याने घराला रंग काढला. रंग वाळला तशी लल्ला शामाने सुताराला बोलावून बैठकीच्या खोलीत, नवऱ्याच्या फोटोशेजारी, आपला फोटो लावून घेतला. दाराएवढा नाही, पण खिडकीएवढा आहे. जांभळा कफ्तान, मोकळे केस, उजव्या हातात चहाचा ग्लास. संध्याकाळी हाज चार मित्रांना घेऊन आला तर आई समोर भिंतीवर. मित्रांनी माना खाली घातल्या. त्याने विचारलं, हे कुठून आलं? ती म्हणाली, “माझं आहे. शब्द मला दिला होता, तो मी सोडला. तुझ्या मित्रांना लाज वाटत असेल तर त्यांना अंगणात बसव.” त्याने चौकट उतरवायला हात घातला तर म्हणाली, आधी मला खांद्यावरून कबरस्तानात पोचव, मग उतरव. फोटो अजून तिथेच आहे. तो त्याच्याखाली बसून चहा पितो, सून मला हसत हसत सांगत होती.

आता तुझा प्रश्न: मग त्या डब्यांत काय होतं?

निगेटिव्ह तर नव्हतेच. तुझा वकिलाचा कागद आला त्याच आठवड्यात मी बाकीचे सहा डबे उरकले. सआदिया पाच दिवस हद्दीवर गेली नाही, माझ्याकडे पट्ट्या पुसत बसली. सातही डब्यांची मिळून दोनशे चौदा पाकिटं. जिचं पाकीट तिच्या घरी गेलं, भाकरीच्या टोपलीतून, हम्मामच्या बादलीतून, कपड्यांच्या गाठोड्यातून. आता ते जाळायचं तर हाज अयाशीला दोनशे चौदा घरांत जावं लागेल, आणि प्रत्येक घरात कुणीतरी म्हातारी बसलेली आहे. जा म्हणावं.

पण रिकामे डबे दिले असते तर वजनावरून कळलं असतं. म्हणून भरून दिले. मला वाटलं होतं, दारातच उघडून बघेल आणि मी पकडली जाईन. उत्तरही तयार ठेवलं होतं, चांगलं झणझणीत. त्याने उघडलेच नाहीत. माणसांनाही हात लावू दिला नाही झाकणाला. मला आदराने म्हणतो, “लल्ला, आत परक्या बायका आहेत, मी कसा बघेन?” आणि तोंड फिरवून उभा राहिला. मला त्या क्षणी त्याची दया आली, खरं सांगते. माणूस वाईट नाही. न बघता जाळायला मात्र त्याला काही वाटलं नाही.

तर आत काय होतं. यम्माच्या कपाटात खालच्या कप्प्यात तुझ्या शाळेच्या वह्या होत्या. पहिली ते पाचवी. तिने एक टाकली नव्हती. मला माझ्या एकाही वहीचा पत्ता नाही, पण ते असू दे. हाताला तेच वजनदार लागलं, तेच सात डब्यांत भरलं. हाज अयाशीने तुझं गणित जाळलं मुफद्दल, तुझा भूगोल जाळला, तुझं ते नाईलचं चित्र जाळलं ज्यात नदी डोंगरावर चढतेय. तू पाठवलेल्या कागदावर, तुझ्याच सहीने.

माफी मागत नाही. तुला आता जे वाटतंय तेच दोनशे चौदा जणींना वाटलं असतं, आणि त्यांना तर फोन करून किंचाळायलाही कुणी मिळालं नसतं.

पण मी वह्या डब्यांत भरण्याआधी तीन दुपारी बसून पानन् पान स्कॅन केलं. कव्हरं, मागची पानं, जिथे तू यम्माची खोटी सही करायला शिकलास ते पानसुद्धा. सगळं स्वच्छ आलंय, लाल शाईचे शेरेही वाचता येतात. कारण ते तुझं आहे, आणि ज्याचं त्याला विचारल्याशिवाय संपवायचं नसतं.

तेव्हा या घरात आलेल्या प्रत्येक बाईला विचारलं तेच तुला विचारते. हे तुझं आहे, काय करू? ठेव म्हणालास तर ठेवते. दे म्हणालास तर पाठवते. पूस म्हणालास तर ये, तुझ्या डोळ्यांदेखत पुसते.

उत्तर मात्र तू स्वतः द्यायचं. हाज अयाशीने नाही.

तुरैया